फॉइल खडकाला लागलं: घरी काय जोडावं आणि कशाला हात लावू नये

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं आहे ते बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीत राहता. फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखावर, उचलली जाणारी, एका माणसाची शिडाची होडी तुम्ही सेकंडहँड घेतलीत. ती गोव्यात असते. मेच्या शेवटी उथळ पाण्यात तिचं मुख्य फॉइल खडकाला लागलं. आता फॉइल घरी आणलंय आणि तीन ठिकाणी मार दिसतोय. आडव्या पंखाच्या डाव्या फ्लॅपची (पंखाच्या मागच्या, बिजागरीवर हलणाऱ्या भागाची) मागची धार टोकाकडे साधारण ४ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर आत अशी उडाली आहे. उभ्या खांबाच्या पुढच्या धारेत दीड मिलिमीटर खोल खाच पडून कार्बनचे काळे तंतू उघडे पडलेत. आणि खांब पंखाला मिळतो तिथे, पंखाच्या खालच्या अंगाला, केसासारखी एक रेघ दिसते. कोणतं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून घट्ट होणारा चिकट पदार्थ) आणू, आणि ऑक्टोबरच्या आत घरी दुरुस्त होईल का, असं तुम्ही विचारलंय.

तीनपैकी दोन गोष्टी घरी नक्की होतील. तिसरीचं तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि माझा कल तिला घरी हात न लावण्याकडेच आहे. इपॉक्सी कोणतं हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवतो. त्याआधी प्रत्येक जागेबद्दल विचारायला हवं, की ही जागा भार वाहते का? मी उद्यमनगरात फायबरचे पॅटर्न आणि साचे करतो, आणि बऱ्याच वर्षांपासून कोकण-गोव्याकडच्या होड्यांची सुकाणू, डॅगरबोर्ड (होडीखाली उतरवायची फळी) आणि अलीकडे फॉइलं दुरुस्तीला येतात. वाया गेलेल्या दुरुस्त्या मी पाहतो त्यात रेझिन वाईट होतं असं क्वचित असतं. बहुतेक वेळा भार वाहणारी जागा नुसती बुजवलेली असते.

भार किती, याचा ढोबळ हिशोब करा. तुम्ही ७० किलो धरा, होडी आणि शीड मिळून ४० किलो. उडताना यातला बहुतेक भार पुढच्या, म्हणजे या मुख्य फॉइलवर असतो, म्हणजे ९० किलोच्या आसपास. पंखाच्या प्रत्येक बाजूला ४५ किलो आले. ही उचल जोडापासून सरासरी २० सेंटिमीटरवर लागते असं मानलं, तर जोडापाशी वाकवणारा जोर ९ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) होतो. तिथे पंखाची जाडी जेमतेम सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वरच्या आणि खालच्या कवचातलं अंतर एक सेंटिमीटर धरू. ९ भागिले ०.०१ म्हणजे ९०० किलो. एवढ्या ताणाने पंखाचं खालचं कवच ओढलं जातं आणि तेवढ्याच दाबाने वरचं चेपलं जातं. लाटेत आपटलात किंवा जोरात वळलात की आकडा आणखी वाढतो. हे सगळं होडी शांतपणे उडत असताना, तळहाताएवढ्या रुंदीच्या जागेत चाललेलं असतं.

आता सामानाकडे पाहा. घट्ट झालेलं नुसतं इपॉक्सी साधारण ६० ते ८० मेगापास्कल ताण सोसतं. एकाच दिशेच्या कार्बन तंतूंचं इपॉक्सीतलं कवच हजाराच्या वर सोसतं. म्हणजे ताण तंतू घेतात. इपॉक्सीचं काम तंतूंना जागेवर धरण्याचं आणि एका तंतूचा भार दुसऱ्याकडे पोचवण्याचं. तंतू तुटलेत तिथे नुसतं इपॉक्सी भरणं म्हणजे फाटलेल्या कापडावर ठिगळ चिकटवणं. तिथे रफू करावं लागतं, तुटक्या धाग्याच्या दोन्ही बाजूंना बरंच मागे जाऊन. भार न वाहणाऱ्या जागेला मात्र भरणं पुरतं, तिथे फक्त आकार महत्त्वाचा.

या कसोटीने तुमच्या फ्लॅपच्या धारेचा प्रश्न आकाराचा आहे. खांबावरची खाच ही तंतूंची दुरुस्ती आहे, पण आवाक्यातली. आणि ती केसासारखी रेघ बरोबर त्या ९०० किलोच्या जागी, ताणाच्या बाजूला आहे. म्हणून आधी तिच्याबद्दल.

तुमचं फॉइल एकसंध आहे की पंख बोल्टने खांबाला जोडलेला आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे. बोल्टचं असेल तर जोडावर आकार सफाईदार करायला भरलेली पुट्टी तडकली असण्याची शक्यता मोठी आहे. बोल्ट काढा, दोन्ही भाग वेगळे करा. रेघ पुट्टीबरोबर संपली तर घाबरायचं कारण नाही. एकसंध असेल तर रेघेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, आणि ४०० नंबरच्या वॉटर पेपरने फक्त रंग उतरवा, तंतू दिसेपर्यंत, पुढे नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि टॉर्च तिरपा धरून बघत राहा. बाकीचा पृष्ठभाग पटकन वाळतो. खरी चीर असेल तर तिच्यातलं अल्कोहोल मागे राहतं आणि बारीक काळी रेघ काही क्षण तशीच दिसते.

इथे एक सावधगिरी कोल्हापुरासाठी खास. कुणीतरी फौंड्रीतला मित्र नक्की सांगेल की शिरोलीला कास्टिंगवर लाल पेनेट्रंट मारून चिरा शोधतात, तसं करून घे. कास्टिंगसाठी ती पद्धत उत्तम आहे. पण तो तेलकट रंग कार्बनच्या चिरेत खोल शिरतो आणि मग तिथे कुठलंही इपॉक्सी धड चिकटत नाही. दुरुस्त होऊ शकणारी वस्तू त्याने कायमची बिघडते, तेव्हा तो प्रयोग करू नका.

दुसरी चाचणी वाकण्याची. फॉइल उलटं धरा, खांब खाली आणि पंख वर, आणि खांब जुन्या ट्यूबचे तुकडे लावून बाकाच्या व्हाइसमध्ये धरा. उलटं यासाठी, की पाण्यात पंख खांबाच्या बाजूलाच वाकतो. दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर, फ्लॅपच्या पुढे, रुंद पट्ट्याने ५-५ लिटर पाण्याचे कॅन एकाच वेळी टांगा. टोकं किती खाली आली ते पट्टीने मोजा, कॅन काढल्यावर पहिल्या जागी परत येतात का तेही बघा. डाव्या-उजव्यात स्पष्ट फरक, करकर आवाज किंवा टोक परत न येणं, यातलं काहीही झालं तर जोड गेला असं समजा. उलट सगळं ठीक आलं तरी जोड शाबूत असल्याचा तो पुरावा नाही, कारण लहान चिरेने ताठपणा फारसा बदलत नाही. म्हणून अल्कोहोलची चाचणी आणि ही, दोन्ही करा.

चीर खरी निघाली तर ते काम घरी करू नका. मूळ थर कसे आणि कोणत्या दिशेने घातलेत हे माहीत असावं लागतं, व्हॅक्यूमखाली दाबून ठराविक तापमानाला पक्व करावं लागतं, आणि नंतर भार देऊन तपासावं लागतं. २० नॉटला, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरला, पंख तुटला तर होडी नाकावर पडते आणि तुम्ही पुढे फेकले जाता. जवळपास तुटक्या कार्बनच्या धारा असतात. फॉइल बनवणाऱ्याकडे पाठवा, किंवा पुण्या-मुंबईकडे कार्बनचं व्हॅक्यूमचं काम करणाऱ्याकडे न्या. खर्च नव्या पंखाच्या जवळ जात असेल तर नवा पंख घ्या. हे सांगताना मला तुमच्या खिशाची काळजी आहेच, पण तुमची त्याहून जास्त आहे.

आता आवाक्यातली दोन कामं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्यांची सुरुवात सुकवण्यापासून होते. खांबाच्या आत बहुधा फोम आहे, आणि उघड्या तंतूंमधून खारं पाणी आत गेलेलं असू शकतं. खाच गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, नाहीतर मीठ आत राहून ओल धरतं. मग वजन करा. थर्माकोलची किंवा प्लायची लांब पेटी करून तिच्यात दोन पिवळे जुन्या पद्धतीचे बल्ब लावा, फॉइलपासून आणि थर्माकोलपासून लांब. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतो तसला डिजिटल थर्मामीटर आत ठेवून ४० ते ४५ अंश राखा, वाफ जायला दोन भोकं ठेवा. फॉइलचं वजन रोज करा. सलग दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की ते सुकलं. जुलैत नुसतं खोलीत टांगून ठेवलेलं फॉइल आठवडाभरानेही सुकत नाही, आणि ओल्या तंतूंवर घातलेला थर पुढच्या हंगामात पापुद्र्यासारखा सुटतो. ऑक्टोबरला वेळ आहे, तेव्हा सुकवण्यात घाई करू नका.

घासायला सुरुवात करण्याआधी जागा ठरवा. स्वयंपाकघर नको, झोपायची खोली नको. गच्चीवरची शेड उत्तम. कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट, आणि ती वीजवाहक असल्यामुळे ग्राइंडरच्या आत जाऊन शॉर्टही करते. म्हणून शक्य तेवढं हाताने, ठोकळ्यावर पेपर लावून घासा; तोंडाला एन-९५ मास्क आणि हातात नायट्राइल मोजे हवेतच. इपॉक्सी हाताला लागलं तर थिनर लावू नका, थिनर ते कातडीत आणखी आत नेतं, साबण-पाण्याने धुवा. काही जणांना वर्षानुवर्षं काहीच होत नाही आणि मग एके दिवशी अशी ॲलर्जी उठते की पुढे डबा उघडला तरी अंगावर पुरळ येतं. ती जात नाही.

खांबाची खाच अशी करा. सैल तंतू काढून टाका आणि खाचेपासून वर-खाली उतार घासत न्या. साध्या फायबरच्या होडीला १ ला १२ चा उतार चालतो. फॉइलला मी १ ला २० ठेवतो. दीड मिलिमीटर खोलीला म्हणजे दोन्हीकडे ३-३ सेंटिमीटर. आजूबाजूला चांगलं दिसणारं कार्बन एवढं घासून टाकताना जिवावर येतं, हे मला माहीत आहे. पण भार जुन्या तंतूंतून नव्यात याच उतारावरून जातो, आणि उतार जितका लांब तितकं चिकटलेलं क्षेत्र मोठं. शेवटचा हात ८० नंबरच्या पेपरने. गुळगुळीत जागेवर पकड येत नाही. मग स्वच्छ पांढऱ्या कापडावर ॲसिटोन घेऊन एका दिशेने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. रंगाच्या दुकानातला एनसी थिनर किंवा पेट्रोल नको, दोन्ही मागे तेलकटपणा ठेवतात.

कापड कार्बनचंच घ्या. काचेचं स्वस्त आहे, पण तिचा ताठपणा कार्बनच्या साधारण एक तृतीयांश. भार नेहमी ताठ वस्तूकडे धावतो, त्यामुळे मधला काचेचा तुकडा आरामात राहतो आणि शेजारच्या जुन्या कार्बनवर जास्त ओझं पडतं. साधारण २०० ग्रॅमच्या कापडाचा हाताने घातलेला थर पाव मिलिमीटरच्या थोडा वर बसतो, म्हणजे तुम्हाला पाच थर पुरतील. तंतू खांबाच्या लांबीच्या दिशेने हवेत, आणि सर्वांत बाहेरचा थर तिरपा, नाकावरून दोन्ही बाजूंना वळवलेला. पहिला तुकडा सर्वांत मोठा, नंतर लहान होत जाणारे, आणि त्या सगळ्यांवर तो तिरपा थर. म्हणजे नंतर घासताना उतारावरचे महत्त्वाचे तंतू कापले जात नाहीत. खाच होडीच्या खोबणीत बसणाऱ्या भागात असेल तर जाडी वाढवून चालणार नाही, खांब आत जायलाच हवा. तिथे एक थर कमी घालून मोजत पुढे जा. चटई म्हणतात ते तुकड्या तंतूंचं मॅट मात्र अजिबात नको. त्याला धरून ठेवणारा पदार्थ पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न, कोणतं इपॉक्सी. ट्यूबमधलं अरल्डाइट चांगलं चिकटतं, पण इतकं घट्ट असतं की तंतूंच्या आत मुरत नाही. एम-सील आणि गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांची लांबी (पुट्टी) दोन्ही इथे नकोत; लांबी पॉलिस्टरची असते, पाणी पिते आणि पाण्याखाली सुटते. लॅमिनेटिंगचं, म्हणजे कापडात मुरणारं पातळ रेझिन हवं. आपल्याकडे एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१ ही जोडी औद्योगिक केमिकलच्या दुकानात मिळते, वजनाने साधारण १०० ला १०. खांबासाठी ती चालते. रेझिन जरा जाड असतं, डबा कोमट पाण्यात ठेवून सैल करा. मरीन कामाचं, संथ हार्डनरचं इपॉक्सी मागवता आलं तर अधिक बरं, कारण काम करायला वेळ मिळतो. कोणतंही घ्या, प्रमाण डब्यावरचं आणि काटा ०.१ ग्रॅमचा, हुपरीला चांदीच्या कामाला वापरतात तसला. ३० ग्रॅम रेझिनला ३ ग्रॅम हार्डनर लागतं. तिथे अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे सतरा टक्के. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातलं तर ते लवकर घट्ट होत नाही, मऊ राहतं. पसरट भांड्यात थोडं थोडं कालवा, कडा आणि तळ खरवडत दोन मिनिटं. उभ्या कपात जास्त कालवलं तर स्वतःच्याच उष्णतेने धुरायला लागतं.

ओल्या हवेत अमाइनच्या (एचवाय ९५१ सारख्या) हार्डनरवर हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळून मेणचट साय धरतात. तिच्यावर थेट पुढचा थर किंवा रंग बसत नाही. घासून ती जात नाही, पेपरमध्ये पसरते. आधी साध्या पाण्याने हिरव्या स्क्रबरने धुवा, पुसा, मगच घासा. त्याहून सोपं म्हणजे शेवटच्या थरावर पील प्लाय (इपॉक्सीला कायमचं न चिकटणारं कापड) अंथरा, घट्ट झाल्यावर ओढून काढलं की साय त्याच्याबरोबर जाते. दिवस पावसाची उघडीप असलेला निवडा, फॉइल पेटीत ३५ अंशांपर्यंत गरम करा, बाहेर काढा आणि ते निवत असताना थर घाला. गरम होत असताना घातला तर आतली हवा फुगून बुडबुडे करते, निवताना तीच हवा रेझिन आत ओढते. २४ तासांनी घासता येतं. मग पेटीत ताशी १० अंशांच्या वर न चढवता ५० अंशांना सहा-आठ तास ठेवा. खोलीत घट्ट झालेलं इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतं, आणि काळं फॉइल गोव्याच्या उन्हात सहज तेवढं तापतं.

फ्लॅपच्या धारेला ताकद कमी लागते, पण मेहनत जास्त. मागची धार जाड राहिली तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि फॉइल गुणगुणायला लागतं. वेडीवाकडी झाली तर डावी-उजवी उचल वेगळी होऊन होडी एका बाजूला झुकत राहते. आकार कुठून आणायचा? तुमच्याकडे उजवी बाजू शाबूत आहे. तिच्यावर, टोकापासून मोजलेल्या तीन जागी, पॅकिंगची तपकिरी टेप लावा. प्लायच्या पट्टीत ढोबळ आकार कापा, त्यात लांबी भरून टेपवर दाबा. लांबीचा उपयोग इथे. घट्ट झाल्यावर तुमच्या हातात त्या जागेचा अचूक टेम्पलेट येतो, आणि तो उलटा फिरवला की डाव्या बाजूला तितक्याच अंतरावर लागू होतो. अख्ख्या उजव्या बाजूचा साचा काढलात तर तो डावीकडे बसणार नाही, उलटा होईल. म्हणून टेम्पलेटच. उद्यमनगरातला कुठलाही पॅटर्नवाला हे तुम्हाला दहा मिनिटांत दाखवेल.

उडालेली कड सरळ करा, वरून-खालून दीड-दोन सेंटिमीटर उतार द्या. बिजागरीची फट आधी टेपने पूर्ण झाका. इपॉक्सी आत वाहून फ्लॅप जाम झाला तर सोडवताना बिजागरीच फाटते. ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे जवळ आणू नका. खालून जाड ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) टेपने ताणून लावा, मागे लाकडी पट्टीचा आधार द्या. उताराला साधं इपॉक्सी चोळा, मग त्यात बारीक केलेले काचतंतू आणि थोडं फ्यूम्ड सिलिका (घट्टपणा आणणारी हलकी पूड) घालून लोण्यासारखं घट्ट करून भरा. मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची पूड) घासायला सोपं, पण अशा पातळ धारेला ते ठिसूळ पडतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही अंगांना पातळ काचेचा एकेक थर. मग लांब ठोकळ्यावर पेपर लावून, टेम्पलेट लावत लावत घासत जा. धार अर्धा ते एक मिलिमीटरवर थांबवा, आणि गुणगुणत असेल तर एका अंगालाच थोडी तिरकी काढा. खांबाच्या पुढच्या धारेला उलटा नियम: ती गोलसर, मूळ वळणाचीच हवी. तिथे टेंगूळ किंवा खळगा राहिला तर पृष्ठभागावरून हवा खांबाच्या कडेने खाली ओढली जाते आणि पंखाची उचल एकदम जाते.

शेवटचा हात ४०० नंबरच्या वॉटर पेपरने. ऊन इपॉक्सीला पिवळं आणि भुकटी करतं, म्हणून गाड्या रंगवणाऱ्याकडून दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा पातळ हात मारून घ्या.

पहिल्यांदा पाण्यात नेताना वारा कमी असलेला दिवस निवडा, थोडा वेळ उडा, परत या आणि पेन्सिलीच्या खुणांपलीकडे रेघ सरकली आहे का ते बघा. पण त्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, फॉइल एकसंध आहे की बोल्टचं ते कळवा, आणि अल्कोहोल पुसल्यानंतरचा रेघेचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून, पाठवा. कॅनच्या चाचणीचे डाव्या-उजव्याचे आकडेही द्या. ते पाहिल्याशिवाय एक ग्रॅमही रेझिन कालवू नका.